मोटरसायकलसाठी रोडसाइड असिस्टन्स निवडताना: खान्देशातील दुचाकीधारकांसाठी मार्गदर्शन

मोटरसायकल वाटेत बंद पडली तर ती जागेवर सुरू करून देण्याची, आणि ते जमले नाही तर उचलून गॅरेजपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी घेणारी सेवा ‘रोडसाइड असिस्टन्स’ या नावाने विकली जाते. विम्याचे नूतनीकरण करताना एजंट ती थोड्या रकमेत जोडून देतो, नवी गाडी घेताना शोरूमच्या बिलात ती बहुधा आधीच धरलेली असते, आणि मोबाईलवरून वर्षाची वर्गणी भरून ती स्वतंत्रपणेही घेता येते. जाहिरातीचा मजकूर तिन्हीकडे जवळपास सारखाच असतो: पंक्चर, बॅटरी, पेट्रोल, हरवलेली किल्ली, टोचन, चोवीस तास, संपूर्ण भारतात. जळगाव किंवा धुळे शहरात राहून शहरातच गाडी चालवणाऱ्याने यांपैकी काहीही घेतले तरी फारसा फरक पडत नाही. मात्र तळोद्याहून अक्कलकुवा-मोलगीकडे, रावेरहून पालकडे किंवा शहाद्याहून तोरणमाळकडे ज्यांचे नेहमी जाणे-येणे असते, त्यांनी सेवांच्या यादीकडे पाहून निर्णय घेऊ नये. आपल्या रस्त्यावर गाडी उचलणारे वाहन प्रत्यक्षात येते का, आणि आले तर ते गाडी कुठवर नेते, या दोन प्रश्नांवरच निवड ठरवावी.

आधी आपली पॉलिसी वाचावी

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. दुसऱ्याचे नुकसान झाले तर तो भरपाई देतो. स्वतःच्या गाडीसाठी त्यात काहीही नसते. आपल्याकडे अनेक जुन्या मोटरसायकलींचा एवढाच विमा काढलेला असतो. रोडसाइड असिस्टन्सचे जोडसंरक्षण सर्वसाधारणपणे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याला, म्हणजे ज्याला बोलण्यात ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतात त्यालाच जोडता येते. त्यामुळे केवळ तृतीय पक्ष विमा असलेल्यांना बहुधा स्वतंत्र वर्गणीची सेवा पाहावी लागते.

‘फुल इन्शुरन्स आहे, मग गाडी उचलून नेण्याचा खर्च मिळेलच’ हा समजही बरोबर नाही. दुचाकीच्या प्रमाणित पॅकेज पॉलिसीत अपघातानंतर गाडी जवळच्या दुरुस्तीच्या ठिकाणी हलवण्यासाठी ३०० रुपयांपर्यंतच्या खर्चाची तरतूद असते, आणि तीही अपघातापुरतीच. यांत्रिक किंवा विद्युत बिघाड पॉलिसीतून स्पष्ट शब्दांत वगळलेला असतो. क्लच प्लेट जळाली, इंधन पंप बंद पडला किंवा वायरिंग शॉर्ट झाले, तर मूळ पॉलिसीतून काही मिळत नाही. रोडसाइड असिस्टन्सची गरज नेमकी इथे असते.

नव्या गाडीच्या मालकांनी तारखांकडे विशेष लक्ष द्यावे. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीचा तृतीय पक्ष विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो; त्यासोबत स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र बहुधा एकाच वर्षाचा असतो. ‘विमा पाच वर्षांचा आहे’ असे शोरूममध्ये सांगितले जाते आणि ते खोटेही नसते. पण वर्षभरानंतर गाडीचा स्वतःचा विमा संपतो आणि त्याला जोडलेली रोडसाइड असिस्टन्सही त्याच दिवशी संपते. पॉलिसीच्या पहिल्या पानावर दोन्ही विम्यांच्या मुदती वेगवेगळ्या छापलेल्या असतात. त्या शोधून गाडीच्या स्वतःच्या विम्याच्या तारखेवर खूण करून ठेवावी. गाडी बनवणाऱ्या कंपनीने दिलेली सेवा असेल, तर तिची मुदत विम्यापेक्षा वेगळी असते. ती सेवापुस्तिकेत किंवा वेगळ्या कार्डावर पाहावी.

जुनी गाडी विकत घेतलेल्यांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. नंदुरबार आणि नवापूर भागात गुजरातमध्ये नोंदणी झालेल्या गाड्या बऱ्याच दिसतात आणि त्यांतील काही हातोहात विकल्या गेलेल्या असतात. आर. सी. बुक आणि पॉलिसी दोन्हींवर आपले नाव लागलेले नसेल, तर मदत मागताना पहिल्याच प्रश्नाला अडचण येते. गाडी नावावर करून घेतल्याशिवाय वर्गणीवर पैसे खर्च करू नयेत.

आपली गाडी कोणती आणि कोण दुरुस्त करू शकतो

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ची प्रदूषण मानके लागू झाली आणि नव्या मोटरसायकलींत कार्ब्युरेटरची जागा बहुतांशी इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शनने घेतली. या बदलाने रस्त्यावरच्या बिघाडाचे स्वरूपच पालटले, आणि संरक्षण निवडताना हा मुद्दा किमतीपेक्षाही महत्त्वाचा आहे, असे माझे ठाम मत आहे.

कार्ब्युरेटरची गाडी बंद पडली की गावातला मेकॅनिक प्लग काढून पाहतो, ठिणगी येते का तपासतो, कार्ब्युरेटर उघडून जेट फुंकून साफ करतो, आणि बऱ्याचदा अर्ध्या तासात गाडी चालू होते. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल टाकीतल्या पंपाने दाबाखाली जाते आणि किती जायचे हे सेन्सरच्या माहितीवरून एक नियंत्रक ठरवतो. त्यातला एखादा सेन्सर किंवा पंप गेला तर निदानासाठी यंत्र लागते, आणि ते बहुतेक अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच असते. बॅटरी पूर्ण उतरली असेल तर अशा काही गाड्या किकनेही सुरू होत नाहीत. काहींना तर किकच नसते. म्हणून जुन्या गाडीच्या मालकाला जागेवर येणारा मेकॅनिक अधिक उपयोगाचा, तर नव्या गाडीच्या मालकाला टोचनची सोय अधिक मोलाची ठरते. विजेवर चालणाऱ्या स्कूटरच्या बाबतीत टोचन हाच जवळजवळ एकमेव उपाय असतो, आणि तोही गाडी पूर्ण उचलून नेण्याचा. मागचे चाक जमिनीवर ठेवून ती ओढत नेऊ नये, असे अनेक उत्पादक बजावतात.

काही बिघाडांसाठी मात्र कोणत्याही संरक्षणाची वाट पाहण्याची गरज नाही. क्लचची वायर एका दिवसात तुटत नाही. मुठीजवळच्या टोकाला, जिथे शिशाची गोळी लिव्हरमध्ये अडकते तिथे, तिचे बारीक तार एकेक करून सुटू लागतात, क्लच जड होतो आणि बोटाला कुसळासारखे टोचू लागते. याच वेळी वायर बदलावी, किंवा जुने मेकॅनिक करतात त्याप्रमाणे नवी वायर जुनीच्या शेजारून ओढून टायने बांधून ठेवावी, म्हणजे तुटल्यावर केवळ दोन टोके अडकवायची राहतात. चेनचे एक जोडलिंक आणि प्लगचा पाना सीटखाली असला, की वर्षभरात मिळणाऱ्या मोजक्या मदतींपैकी एखादी तरी वाचते.

अंतराचा हिशेब

एका कागदावर आपले नेहमीचे तीन-चार रस्ते लिहावेत. नोकरीचा रस्ता, सासरचा, शेताचा, आणि वर्षातून एकदा-दोनदा होणारा लांबचा, म्हणजे चैत्रातली सप्तशृंगगडाची वारी किंवा दत्तजयंतीची सारंगखेड्याची यात्रा. प्रत्येक रस्त्यावरच्या सर्वांत अडचणीच्या ठिकाणापासून आपल्या कंपनीचे जवळचे अधिकृत सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर आहे, ते त्यासमोर लिहावे. जळगाव-भुसावळ हे अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे आणि दोन्ही टोकांना सर्व काही मिळते. तिथे साधे संरक्षणही पुरते. धुळे ते जळगाव मात्र सुमारे ९० किलोमीटर आहे, वाटेत पारोळा आणि एरंडोल लागतात, पण आपल्याच कंपनीचे सर्व्हिस सेंटर तिथे असेल असे गृहीत धरता येत नाही. धडगाव तालुक्यात राहणाऱ्याला तर शहादा किंवा नंदुरबार गाठावे लागते, आणि त्या रस्त्याचा बराच भाग घाटाचा आहे.

आता हा कागद समोर ठेवून अटींमधली मोफत टोचनची मर्यादा पाहावी. ती २५ किलोमीटर असेल आणि आपल्याला ६० किलोमीटरची गरज असेल, तर उरलेल्या ३५ किलोमीटरचे पैसे आपल्याला भरावे लागतील, म्हणून त्यापुढचा प्रतिकिलोमीटर दर अटींमध्ये लिहिलेला आहे का, हे पाहावे. दर लिहिलेला नसेल तर तो रस्त्यावर, वाहन आल्यानंतर, चालकाच्या तोंडून कळतो, आणि तेव्हा घासाघीस करण्याच्या स्थितीत आपण नसतो.

त्याहून बारीक गोष्ट म्हणजे हे अंतर कुठून मोजले जाते. काही सेवा गाडी बंद पडलेल्या जागेपासून गॅरेजपर्यंतचे अंतर धरतात. काही मात्र उचलणारे वाहन आपल्या ठिकाणाहून निघाल्यापासून परत पोहोचेपर्यंतचे एकूण अंतर धरतात. दुसऱ्या पद्धतीत ५० किलोमीटरची मर्यादा कागदावर मोठी दिसते. पण वाहन धुळ्याहून निघाले आणि गाडी साक्रीच्या पुढे कोंडाईबारी घाटात उभी असेल, तर ती मर्यादा वाहन पोहोचण्याआधीच संपलेली असते. ‘जाऊन-येऊन की एकतर्फी?’ एवढा एकच प्रश्न विचारला तरी दोन योजनांमधला खरा फरक समोर येतो.

गाडी कुठे न्यायची हे कोण ठरवणार, हेही पाहावे. बहुतेक अटींमध्ये ‘जवळचे अधिकृत सर्व्हिस सेंटर’ असे लिहिलेले असते. पळासनेरजवळ बंद पडलेली गाडी अशा अटीनुसार शिरपूरला उतरवली जाईल, आपले घर आणि आपला ओळखीचा मेकॅनिक धुळ्यात असला तरीही. ‘ग्राहकाच्या पसंतीचे ठिकाण, ठरावीक अंतराच्या आत’ असे शब्द असलेली योजना थोडी महाग असली तरी ती घ्यावी.

अटींमधील लहान अक्षरे

विमा कंपनीच्या जोडसंरक्षणाला एक विशिष्ट ओळख क्रमांक असतो, ज्याला यू. आय. एन. म्हणतात आणि तो पॉलिसीवर छापलेला असतो. त्या क्रमांकावरून कंपनीच्या संकेतस्थळावर अटींचा पूर्ण मजकूर शोधता येतो. एजंटने पाठवलेले रंगीत पान म्हणजे अटी नव्हेत. स्वतंत्र वर्गणीच्या सेवेतही पूर्ण करारपत्र मागावे, आणि ते पैसे भरण्याआधी मिळत नसेल तर ती सेवा घेऊ नये.

त्या मजकुरात आपल्या भागासाठी सर्वांत महत्त्वाची अट रस्त्याबद्दल असते. ‘वाहतुकीयोग्य रस्त्यावर’ बंद पडलेल्या गाडीलाच मदत मिळेल, अशा आशयाचे वाक्य बहुतेक ठिकाणी असते. रावेर-यावलच्या केळीच्या मळ्यांत, पाणंद रस्त्यावर किंवा नाल्याच्या काठी उभी असलेली गाडी या व्याख्येत बसेलच असे नाही; ती ढकलत डांबरी रस्त्यापर्यंत आणावी लागते, आणि त्यासाठी माणसांची सोय आपण करायची असते. पूर, दंगल, बंद यांसारख्या परिस्थितीत सेवा दिली जात नाही. दारू पिऊन किंवा परवान्याशिवाय चालवलेल्या गाडीलाही ती मिळत नाही, आणि ते योग्यच आहे.

गाडीचा व्यावसायिक वापर वगळलेला असतो, हे दूधवाल्यांनी आणि पार्सल पोहोचवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवलेली गाडी पाहून मदतनीस परत गेला, तर अटींच्या आधारे त्याला चूक ठरवणे अवघड जाते. अशांनी व्यवसायाचा वापर स्पष्टपणे सांगून, तो मान्य असल्याचे लेखी घेऊनच वर्गणी भरावी.

पंक्चरच्या बाबतीत आपले टायर ट्यूबलेस आहेत की ट्यूबचे, हे सांगून विचारावे. तारांच्या चाकांच्या बहुतेक गाड्यांना ट्यूब असते. ट्यूबचे पंक्चर रस्त्यावर काढायचे तर चाक खोलावे लागते, आणि अनेक सेवा ते न करता गाडी किंवा चाक जवळच्या पंक्चरच्या दुकानापर्यंत नेऊन देतात. सुटे भाग, ट्यूब, पेट्रोल यांचे पैसे बहुतेक ठिकाणी ग्राहकाचेच असतात. मोफत असते ती मजुरी आणि पोहोचवण्याची सेवा. वर्षातून किती वेळा मदत मिळेल हे ठळक लिहिलेले असते, परंतु आधी मेकॅनिक आला, त्याला जमले नाही आणि मग टोचन करावे लागले, तर ती एक मदत धरतात की दोन, हे विचारल्याशिवाय कळत नाही. सेवा घेतल्यानंतर सुरुवातीचे काही दिवस ती लागू होत नाही, अशीही अट असू शकते. म्हणून सहलीच्या आदल्या रात्री घेतलेल्या संरक्षणावर विसंबू नये. घरी बंद पडलेल्या गाडीला मदत मिळते का, हेही पाहावे.

घेण्यापूर्वी एक फोन

मदतवाहिनीचा क्रमांक सेवा घेण्यापूर्वीच मिळतो. संध्याकाळी आठ-नऊच्या सुमारास त्यावर फोन करून पाहावा. फोन किती वेळात उचलला जातो, समोरची व्यक्ती मराठीत किंवा निदान समजेल अशा हिंदीत बोलते का, आणि केवळ ॲपवरच विनंती नोंदवण्याचा आग्रह धरते का, हे त्या एका फोनवरून कळते. सातपुड्यात, विशेषतः अक्राणी (धडगाव) आणि अक्कलकुवा तालुक्यांच्या डोंगराळ भागात, इंटरनेट तर दूरच, साधी रेंज मिळवण्यासाठीही टेकडीवर चढावे लागते. तिथे साध्या कॉलवर किंवा एसएमएसवर चालणारी सेवाच कामाची.

‘माझी गाडी मोलगीजवळ बंद पडली, तर उचलायला वाहन कोणत्या गावाहून येईल?’ असा थेट प्रश्न विचारावा आणि ठिकाणाचा पिनकोड सांगावा. ‘साहेब, आमची सेवा ऑल इंडिया आहे’ हे याचे उत्तर होत नाही. ‘नंदुरबारहून येईल, साधारण इतका वेळ लागेल’ हे उत्तर आहे. ‘त्या भागात आमचे वाहन नाही’ हेही प्रामाणिक उत्तर आहे, आणि ते मिळाले तर पुढचा प्रश्न विचारावा: ‘मग मी स्थानिक पिकअप किंवा छोटा हत्ती ठरवून गाडी आणली, तर त्याचे पैसे तुम्ही परत द्याल का, किती रकमेपर्यंत, आणि त्यासाठी काय लागेल?’

दुर्गम भागातल्या माणसाने संपूर्ण योजनेत एकच कलम शोधायचे असेल, तर ते या परताव्याचे शोधावे. आपल्याकडे प्रत्येक बाजाराच्या गावात पिकअपवाला असतो, त्याला रस्ता माहीत असतो, आणि तो कॉल सेंटरच्या वाहनापेक्षा लवकर पोहोचतो. अडचण फक्त पैशांची असते. पूर्वपरवानगी आणि बिल दाखवल्यावर परतावा देणारी योजना असेल, तर ती दहा सेवांच्या यादीपेक्षा अधिक भरवशाची. फोनवर मिळालेली उत्तरे त्याच दिवशी ईमेल करून ‘आपण असे सांगितले, ते बरोबर आहे ना’ असे विचारून ठेवावे.

मे महिन्यातल्या दुपारचा विचार करूनच वेळेबद्दल बोलावे. जळगाव-भुसावळकडे तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते, आणि तापी खोऱ्यातल्या चौपदरी रस्त्यांवर मैलोन्‌मैल सावली नसते. तासाभरात येणारी मदत आणि तीन तासांनी येणारी मदत यांत अशा वेळी केवळ गैरसोयीचा फरक राहत नाही.

राज्याच्या सीमेपलीकडे

खान्देशातील हजारो कुटुंबे सुरतेला कामाला आहेत आणि सणासुदीला अनेक जण मोटरसायकलवरच नवापूरमार्गे गावी येतात. सेंधवा, बऱ्हाणपूर इथेही नात्यागोत्यांमुळे सतत जाणे असते. गाडी उच्छलजवळ बंद पडली, तर ती सोनगढला नेणार की सीमा ओलांडून नवापूरला आणणार, हे आधी विचारावे. देशभर सेवा असणे आणि सीमा ओलांडून टोचन करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

राष्ट्रीय महामार्गावर असताना १०३३ हा महामार्ग प्राधिकरणाचा मोफत क्रमांक चोवीस तास उपलब्ध असतो. टोलच्या पट्ट्यांवर गस्तीचे वाहन, रुग्णवाहिका आणि क्रेन ठेवणे हे चालवणाऱ्या कंपनीचे काम असते. दुचाकीला टोल नसला तरी मदत मागण्याचा हक्क आहे. गाडी रस्त्याच्या मधून हलवण्यासाठी आणि सुरक्षित जागी नेण्यासाठी हा क्रमांक उपयोगी पडतो. गॅरेजपर्यंत पोहोचवण्याची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये.

गाडी उचलताना

रस्त्यावरून जाणारा कुणी भला माणूस आपल्या गाडीवरून पाय लावून ढकलत नेण्याची तयारी दाखवतो. गावातल्या गल्लीत ठीक, पण महामार्गावर ते कटाक्षाने टाळावे. दोन्ही गाड्यांचा तोल एका पायावर असतो आणि मागून ट्रक येत असतात.

मदतीचा फोन करताना किलोमीटरच्या दगडावरचा आकडा, महामार्गाची कोणती बाजू, आणि जवळचा ढाबा किंवा पेट्रोलपंप सांगावा, विनंती क्रमांक लिहून घ्यावा. वाहन आल्यावर गाडी चढवण्याआधी चारही बाजूंचे आणि किलोमीटरच्या आकड्याचे फोटो काढावेत. पुढचे चाक हौद्याच्या भिंतीला टेकवून, हँडलच्या खालच्या भागाला दोन्ही बाजूंनी पट्टे ओढून पुढचे शॉकॲब्सॉर्बर थोडे दाबले जातील एवढे घट्ट बांधून घ्यावे. केवळ साइड स्टँडवर उभी करून आरशाला दोरी बांधलेली गाडी पहिल्याच गतिरोधकाला पडते. कोऱ्या कागदावर सही करू नये, आणि सेवा पूर्ण झाल्याचा ओटीपी गाडी गॅरेजमध्ये उतरल्यावरच द्यावा.

सेवा मिळाली नाही तर

इथे संरक्षण कुणाकडून घेतले, यावर मार्ग ठरतो. विमा कंपनीचे जोडसंरक्षण असेल, तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी; विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ या पोर्टलवरही ती नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर मान्य नसेल, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. स्वतंत्र कंपनीची वर्गणी हा मात्र विमा नसून सेवेचा करार असतो, त्यामुळे तिथे विमा लोकपालाचा उपयोग नाही. अशा वेळी राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, आणि तिथे मार्ग निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, ती ऑनलाइनही दाखल होते, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणात शुल्क लागत नाही. तक्रारीसोबत विनंती क्रमांक, कॉलच्या वेळा दाखवणारा मोबाईलचा स्क्रीनशॉट, पिकअपवाल्याचे सहीचे बिल आणि खरेदीपूर्वी पाठवलेला तो ईमेल जोडावा.